त्वचारोगाची तीव्रता कशावरून ठरवायची?

रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग पाठीवर असला तर कित्येकांना तो वर्षानुवर्षे ठाऊकही नसतो. तेवढाच डाग वरच्या ओठावर उमटला तर पहिल्या आठवड्यातच घरात कुजबुज सुरू होते. वैद्यकाच्या लेखी दोन्ही डाग सारखेच. तेवढ्या जागेतल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या आहेत. स्पर्श कळतो, दुखत नाही, दुसऱ्याला लागण होत नाही, जिवाला धोका नाही. शरीराच्या किती टक्के पृष्ठभागावर रोग आहे या हिशेबात दोघांच्याही नावापुढे एक टक्क्याहून कमी आकडा पडेल. पण पहिल्याच्या आयुष्यात काहीच बदललेले नाही, आणि दुसऱ्याचे स्थळ पाहणे, नोकरीची मुलाखत, दुकानाच्या गल्ल्यावर बसणे, सगळे त्या डागापाशी येऊन अडते.

या लेखाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. त्वचारोग किती गंभीर आहे हे त्याने व्यापलेल्या कातडीवरून ठरवणे अपुरे आहे. रुग्णाचा दिवस कसा जातो यावरून ते ठरवले पाहिजे, आणि तसे ठरवायला लागलो की उपचारांचा आणि खर्चाचा क्रमही बदलावा लागतो. विवेचनासाठी इंदूर आणि भोवतालचा माळवा-निमाड समोर ठेवला आहे. त्यालाही कारण आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालय, शहराच्या तोंडी नुसते ‘एमवाय’, हे १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. अशा रुग्णालयाच्या बाकावर पिथमपूरच्या कारखान्यातला कामगार, देपालपूरकडचा सोयाबीन पिकवणारा शेतकरी, झाबुआहून पहाटेच्या बसने आलेली भिल्ल बाई आणि होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरातली मुलगी शेजारी शेजारी बसतात. एकच रोग माणसागणिक किती वेगळा होतो हे पाहायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

मोजपट्टी कुठून आली

‘जिवावर बेतत नाही म्हणजे किरकोळ’ ही समजूत सामान्य माणसाची आहे तशीच आरोग्यव्यवस्थेचीही. जागतिक रोगभाराच्या अभ्यासाने तिला पहिला मोठा धक्का दिला. २०१० सालच्या आकडेवारीत, मृत्यू न घडवता आयुष्य अधू करणाऱ्या रोगांमध्ये त्वचारोगांचा गट चौथ्या क्रमांकावर आला. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्ये सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला, आणि २०२५ च्या मे महिन्यात एकूणच त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्यात अग्रक्रम देण्याचा ठराव केला.

दवाखान्यातली मोजणी मात्र फार काळ डॉक्टरांच्या डोळ्यांवरच चालत होती. सोरायसिससाठी १९७८ पासून ‘पासी’ हा गुणांक वापरतात. लाली, जाडी, पापुद्रे आणि व्याप्ती यांना गुण देऊन ० ते ७२ यांमधला एक आकडा काढायचा. औषधाने चट्टे किती ओसरले हे त्यातून नेमके कळते. पण तळहातांवर आणि तळपायांवर सोरायसिस असलेल्या माणसाला धड चालता येत नाही, स्कूटरची मूठ आवळता येत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि तरीही त्याचा पासी कमी येतो. कारण तेवढी जागा शरीराच्या मानाने थोडीच.

ही उणीव भरून काढण्यासाठी वेल्समधल्या कार्डिफ इथे अँड्र्यू फिनले आणि जी. के. खान यांनी १९९४ मध्ये एक साधी प्रश्नावली तयार केली. त्यांनी आधी वेगवेगळे त्वचारोग असलेल्या १२० रुग्णांना एकच विचारले: या रोगाने तुमच्या जगण्यात काय काय बदलले? उत्तरांतून दहा प्रश्न उभे राहिले. गेल्या आठवड्यात खाज, आग, वेदना किती होती. लोकांसमोर संकोच वाटला का. बाजारहाट आणि घरकाम अडले का. कपडे निवडताना रोगाचा विचार करावा लागला का. भेटीगाठी, खेळ, नोकरी किंवा शिक्षण, जवळच्या माणसांशी वागणे, शरीरसंबंध यांत अडचण आली का. आणि शेवटचा प्रश्न, उपचारांचाच त्रास किती झाला. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. दहाच्या वर गुण गेले की रोगाचा जगण्यावर ‘फार मोठा’ परिणाम होतो आहे असे धरतात. विसाच्या वर ‘अत्यंत मोठा’. डीएलक्यूआय या नावाने ती आज जगभर वापरली जाते आणि तिची हिंदी व मराठी रूपेही आहेत.

फिनले यांनीच २००५ मध्ये ‘दहाचा नियम’ सुचवला. सोरायसिसने दहा टक्क्यांहून अधिक त्वचा व्यापली असेल, किंवा पासी दहाच्या वर असेल, किंवा डीएलक्यूआय दहाच्या वर असेल, तर रोग तीव्र समजावा. यातला ‘किंवा’ फार मोलाचा आहे. रुग्णाच्या शब्दाला डॉक्टरांच्या डोळ्याइतकेच वजन त्याने दिले. हे केवळ सौजन्य नव्हे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये कोडाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांच्या जगण्यावर रोगाचा परिणाम जास्त होता, त्यांना उपचारांचा गुणही कमी आला. म्हणजे मनाची आणि दिनक्रमाची स्थिती विचारणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

मोजपट्टीत न मावणारे

आता ही मोजपट्टी माळव्यात लावून पाहू. समजा, देपालपूर तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी आहे. चार-पाच वर्षांपासून त्याच्या पापण्या, मान, कानांमागचा भाग आणि कोपरांचे खळगे लाल होऊन जाड झाले आहेत. कारण बांधावरचे गाजरगवत. हे तण १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढच्या काही दशकांत देशभर पसरले. त्याच्या केसाळ पानांत आणि फुलांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताची भुकटी वाऱ्याबरोबर उघड्या त्वचेवर बसते आणि ज्याला ॲलर्जी जडली आहे त्याची त्वचा पेटते. गवत हाताळायचीही गरज नसते, शेजारच्या बांधावर असले तरी पुरते. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दर ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह पाळते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा आपला शेतकरी सोयाबीनच्या शेतात पाय टाकू शकत नसतो.

त्याला दहा प्रश्न विचारू. खाज: ३. संकोच: २. बाजारहाट आणि घरचे काम: ३. कपडे: २, कारण उकाड्यातही गळ्याभोवती गमछा आणि पूर्ण बाह्या. भेटीगाठी: २. खेळ: लागू नाही. काम: ३. जवळची माणसे: १. शरीरसंबंध: लागू नाही. उपचारांचा त्रास: २. बेरीज १८. ‘फार मोठा परिणाम’ या रकान्यात तो बसतो. पण बारकाईने पाहिले तर ‘लागू नाही’ या उत्तराला शून्य गुण आहेत. आयुष्यात कधी बॅडमिंटन न खेळलेल्या माणसाचा तो प्रश्न रोगाने अडवला नाही, हे खरे. पण त्यामुळे त्याची एकूण बेरीज ३० पैकी न राहता प्रत्यक्षात २४ पैकी झालेली असते. २०१८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी सुचवलेली सुधारित पद्धत हाच दोष काढते. लागू असलेल्या प्रश्नांवरची बेरीज ३० च्या प्रमाणात वाढवायची. तसे केले की आपला शेतकरी १८ वरून साडेबावीसवर जातो, म्हणजे ‘अत्यंत मोठा परिणाम’ या रकान्यात. रोग तोच, माणूस तोच. ज्या लोकांच्या आयुष्यावरून प्रश्न बेतले, त्या आयुष्यापेक्षा त्याचे आयुष्य वेगळे, एवढाच फरक.

शरीरसंबंधाच्या प्रश्नाचे तर बोलायलाच नको. बाह्यरुग्ण विभागात, मागे दहा माणसे उभी असताना, सोबत सासू किंवा दीर असताना कोणती बाई त्या प्रश्नाला खरे उत्तर देईल? ती ‘लागू नाही’ म्हणते आणि शून्य पडते. नवऱ्याने वर्षभर वेगळी खाट टाकली असली तरी शून्यच. भिलीत बोलणाऱ्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीला प्रश्न दुसऱ्याने वाचून दाखवावे लागतात, आणि तो दुसरा बहुधा घरातलाच पुरुष असतो.

आणखी एक गोष्ट या बेरजेत येत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्नावली गेल्या आठवड्याविषयी विचारते. पण ज्याने तीन वर्षांपूर्वीच लग्नकार्याला जाणे सोडले, त्याला गेल्या आठवड्यात लग्नकार्याची अडचण कशी येणार? रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, राजवाड्यासमोर पाऊल ठेवायला जागा नसते, सगळे शहर भिजते. चेहऱ्यावरचे कोड झाकणारा लेप लावून रोज कॉलेजात जाणारी मुलगी त्या दिवशी घरातून बाहेर पडत नाही, कारण पहिल्याच फवाऱ्यात लेप वाहून जाईल. एकदा टाळले, दुसऱ्यांदा टाळले. तिसऱ्या वर्षी मैत्रिणी विचारतही नाहीत आणि तिलाही मग त्याचे काही वाटेनासे होते. प्रश्नावली भरताना ती प्रामाणिकपणे ‘अडचण नाही’ असे लिहिते. जगणे आक्रसून रोगाच्या मापाचे झाले की त्रासाचे गुण उतरतात. डॉक्टरांनी अशा उतरलेल्या आकड्यावर समाधान मानू नये.

कोडापुरती ही उणीव दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ओळखली आणि भारतीय रुग्णांशी बोलून २०१३ मध्ये ‘व्हिटिलिगो इम्पॅक्ट स्केल’ ही स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. पुढे तिचे बावीस प्रश्नांचे आटोपशीर रूप आले. लग्नाविषयीच्या काळजीला तीत जागा आहे. कार्डिफच्या यादीत ती नव्हती, आणि तिथल्या समाजात तिची तशी गरजही नव्हती.

त्रास नेमका कुठून येतो

जगण्यावरच्या परिणामाचे धागे सुटे करून पाहिले तर तीन ठळक दिसतात: खाज, दिसणे, आणि उपचार.

खाजेला आपण हसण्यावारी नेतो. पण रात्री त्वचेचे तापमान वाढते, शरीरातले दाह आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल रात्रीच्या सुरुवातीला तळाला गेलेले असते, आणि दिवसभर कामात गुंतलेले लक्षही मोकळे होते. म्हणून इसब किंवा खरूज असलेला माणूस दिवसा कसाबसा निभावतो आणि अंथरुणावर पडला की ओरबाडायला लागतो. आठवडाभर नीट झोप नाही, म्हणजे यंत्रावर काम करणाऱ्याचा हात चुकण्याची भीती आणि शाळकरी मुलाचे वर्गात डुलक्या घेणे आलेच. तान्ह्या मुलाला इसब असेल तर आई त्याचे हात धरून रात्र काढते. कार्डिफच्याच चमूने २००७ मध्ये कुटुंबीयांसाठी वेगळी प्रश्नावली काढली, ती याच अनुभवातून.

दिसण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तो रुग्णाच्या त्वचेवर असतो तितकाच पाहणाऱ्याच्या डोक्यातही असतो. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊबाजारात हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या हातावर कोड आले तर फारसे कोणी पाहत नाही. त्याच हाताने पोहे वाढायचे असतील तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते, आणि हा रोग लागत नाही हे समजावून सांगायला गल्ल्यावर वेळ नसतो. डोक्यात सोरायसिस असलेल्याला न्हावी खुर्चीतून उठवतो. सावळ्या कातडीवर पांढरा डाग उठून दिसतो, म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे कोडाचा जाच मुळातच जास्त. त्यात अर्ध्याअधिक लोकांना तो विशीच्या आत सुरू होतो, म्हणजे ऐन लग्नाच्या वयाच्या तोंडावर.

इंदूरच्या उन्हात मुली डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालवतात. त्या स्कार्फखाली कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे हे कळत नाही, आणि कित्येकींना तेवढाच वेळ दिवसातला निर्धास्त वाटतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये दाखवलेला भेद इथे उपयोगी पडतो. ज्याचे व्यंग उघड आहे त्याला लोकांच्या नजरेशी झगडावे लागते. ज्याचे झाकलेले आहे त्याला ते कळेल या धास्तीशी. दुसऱ्या झगड्यात विश्रांती नाही. पाठीवर सोरायसिस असलेल्या आणि कधीच सदरा न काढणाऱ्या माणसाला डॉक्टर ‘तुमचे तर दिसतही नाही’ म्हणतात, तेव्हा त्याच्या त्रासाचा निम्मा भाग त्यांच्या हिशेबातून गळतो.

एक बारीकशी, पण आपल्या बायकांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट सांगतो. चिकट टिकलीच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन असू शकते. काही स्त्रियांच्या कपाळावर त्याने आधी खाज येते आणि मग टिकलीच्या आकाराचा गोल पांढरा डाग उमटतो. डाग दिसू नये म्हणून बाई थोडी मोठी टिकली लावते. डाग तिच्या कडेने वाढतो, मग त्याहून मोठी टिकली. डॉक्टरांचा सल्ला एका वाक्याचा असतो: टिकली बंद करा. पण सवाष्ण बाईने मोकळ्या कपाळाने हळदीकुंकवाला जायचे तरी कसे? घरच्यांचे टोमणे, शेजारणीचे प्रश्न, तिचे स्वतःचे चरकणे, यांतले काहीच त्या वाक्यात नसते. कारण समजावून सांगणे आणि तिला चालेल असा, न चिकटवायचा पर्याय तिच्याबरोबर बसून शोधणे, याला पाच मिनिटे जास्त लागतात. ती दिली तर उपचार टिकतो, नाही तर आठवड्याभरात टिकली परत कपाळावर येते.

तिसरा धागा उपचारांचा. कोडासाठी आणि सोरायसिससाठी अरुंद पट्ट्याच्या अतिनील किरणांचा उपचार चांगला आहे. पण तो आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो. झाबुआ इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर. जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचीही मजुरी. अशा माणसाने चौथ्या खेपेनंतर येणे बंद केले तर त्याच्या कागदावर ‘रुग्णाने उपचार अर्धवट सोडले’ अशी नोंद होते. अंतराने सोडवले, असे कुठेच लिहिले जात नाही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. त्वचारोगाचा बहुतेक सगळा खर्च बाह्यरुग्ण विभागातला: मलमे, गोळ्या, तपासण्या, बसभाडे. म्हणजे हा आजार ज्या दाराने घरात पैशाची चणचण आणतो, त्या दारावर विम्याचा पहारा नाही.

नायटा आणि मेडिकलची ट्यूब

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातल्या दवाखान्यांतून सर्वांत जास्त छळणारा त्वचारोग कोणता असे विचारले तर कोड किंवा सोरायसिसच्या आधी नायट्याचे नाव घ्यावे लागेल. नायटा, गजकर्ण, दाद, काहीही म्हणा. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा हा बुरशीचा रोग आता महिनोन्‌महिने हटत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. आता ती युरोप-अमेरिकेतही आढळते.

तिच्या फैलावाला हातभार लागला तो स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांचा. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की ती मिळते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र स्टिरॉइडच्या आडोशाने वाढत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जागेत उफाळते. जांघेत, नितंबावर, छातीखाली असल्यामुळे कोणाला दाखवायची लाज. त्यामुळे पुन्हा तीच ट्यूब. एका खोलीत सहा माणसे, एकच टॉवेल, पावसाळ्यात न वाळणारे कपडे. एकाचा नायटा घराचा होतो, आणि मग संशय सुरू होतो: कोणी आणला? घरातल्या सुनेवर बोट ठेवले जाते. या रोगाने जीव जात नाही. घरातली माणुसकी मात्र जाऊ शकते, आणि प्रश्नावलीतल्या ‘जवळची माणसे’ या रकान्यात तिला जास्तीत जास्त तीन गुण मिळतात.

हीच मलमे गोरेपणासाठी चेहऱ्याला लावली जातात. बारा केंद्रांमधल्या २,९२६ रुग्णांचा एक भारतीय अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड मलम वापरत असल्याचे आढळले. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि केस उगवतात, आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाजारातली बरीच स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. नियम चांगला आहे; तो पाळला जातो की नाही हे पाहायला कुठल्याही चौकातल्या दुकानापर्यंत चालत जाणे पुरेसे आहे. गोरेपणाच्या हव्यासाने निरोगी त्वचेला रोगी केले, हा सारा प्रकार मला संताप आणणारा वाटतो.

साचत जाणारे नुकसान

सोरायसिस सतराव्या वर्षी झाला तर काय होते? मुलगा पोहणे सोडतो. खेळात मागे पडतो. गावाबाहेरच्या वसतिगृहात राहावे लागेल म्हणून आवडीचा अभ्यासक्रम टाळतो. सत्ताविसाव्या वर्षी गिऱ्हाइकांना भेटावे लागणारी नोकरी नाकारतो आणि मागच्या खोलीतली, कमी पगाराची धरतो. चाळिशीत औषधाने त्वचा लख्ख होते. त्या दिवशी त्याचा पासी शून्य आणि डीएलक्यूआयही शून्य. पण न घेतलेले शिक्षण आणि न केलेली नोकरी परत येत नाही. ‘आयुष्यभराचे साचलेले नुकसान’ ही कल्पना २०१० च्या सुमारास त्वचावैद्यकात मांडली गेली ती यासाठीच. परिणामी पोरसवदा वयात, निर्णयांच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णाला जोरकस उपचार आधी मिळायला हवेत. आज तरी मलमांचे सगळे प्रकार संपल्यावर त्याची पाळी येते.

मनाच्या आजारांचे पुरावेही पुरेसे आहेत. युरोपातल्या तेरा देशांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचारोगाच्या रुग्णांपैकी १०.१ टक्क्यांना वैद्यकीय अर्थाने नैराश्य होते, इतरांत हे प्रमाण ४.३ टक्के होते. आत्महत्येचे विचार १२.७ टक्क्यांच्या मनात आले होते, इतरांत ८.३. आपल्याकडे या ओझ्यात अपराधाची भावना मिसळते. चरकसंहितेने श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या, कारणांत खोटे बोलणे, कृतघ्नपणा, गुरूंचा अवमान आणि पूर्वकर्म यांचा उल्लेख केला आहे. चरक आज कोणी वाचत नाही, पण ‘काय पाप केले असेल’ हा प्रश्न शेजारीपाजारी अजून विचारला जातो, आणि रुग्णही रात्री स्वतःला विचारतो.

रोग बरा होणे आणि आयुष्य पूर्ववत होणे यांतले अंतर महाराष्ट्राने कुष्ठरोगात जवळून पाहिले आहे. मनोहर दिवाणांचे दत्तपूर १९३६ पासून, शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन १९४६ पासून, बाबा आमट्यांचे आनंदवन १९४९ पासून कुष्ठरोग्यांना आसरा देत आले आहे. कोणतीही प्रश्नावली नसताना या माणसांनी ओळखले की जखम भरली तरी माणसाला काम, घर आणि जोडीदार लागतो. बहुविध औषधोपचार आल्यावर कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होऊ लागला. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळायला २०१९ उजाडले. कोडाच्या बाबतीत पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनने रुग्णांना एकत्र आणले, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या २००६ च्या चित्रपटाने कोड असलेली डॉक्टर नायिका म्हणून उभी केली. अशा रुग्णगटांची गरज इंदुरालाही आहे. औषधाच्या चिठ्ठीने जे होत नाही ते समदुःखी माणसाच्या शेजारी बसून होते.

काय बदलावे

प्रत्येक त्वचारोग विभागात नोंदणीच्या वेळी हे दहा प्रश्न विचारले जावेत, ‘लागू नाही’ची उत्तरे सुधारित पद्धतीने मोजली जावीत आणि अकरावा प्रश्न आपला घालावा: या रोगामुळे तुम्ही काय काय करणे सोडून दिले? लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी प्रश्न नातेवाइकाने न वाचता परिचारिकेने, बाजूला नेऊन वाचावेत. प्रश्नावली भरायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि कागदाशिवाय काही खर्च नाही. आकडा दहाच्या वर गेला तर डाग कितीही लहान असो, त्याला पूर्ण उपचार आणि गरज पडल्यास मानसोपचाराची चिठ्ठी मिळावी. किरणोपचाराची यंत्रे जिल्हा रुग्णालयांत गेली तर झाबुआच्या माणसाची मजुरी वाचेल. बाह्यरुग्ण विभागातल्या दीर्घकालीन त्वचारोगांचा खर्च विमा योजनेत यायला हवा. रोग जिथे माणसाला नागवतो तिथेच योजना हात आखडते, हे योग्य नाही.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोड, सोरायसिस, इसब किंवा न हटणारा नायटा असलेले कोणी असेल, तर ‘काय लावतोस?’ हे विचारण्याआधी ‘काय करायचे सोडलेस?’ हे विचारा. मिळालेले उत्तर एका कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या तपासणीला जाताना तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या.